वाचकांची पत्रे, आमची उत्तरे : फोनच्या पडद्यावरची चित्रकथा

घरच्या घरी वेबकॉमिक, म्हणजे इंटरनेटवर वाचायची चित्रकथा, काढून ते स्वतःच प्रसिद्ध करू इच्छिणाऱ्या वाचकांकडून मागील अंकात प्रश्न मागवले होते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतून इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. पत्रे थोडक्यात दिली असून नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी अमळनेरला राहते आणि एका दुकानात हिशेब लिहिते. तापीकाठच्या एका घराण्याच्या तीन पिढ्यांची कथा चित्रांतून सांगायचे ठरवून दोन वर्षे झाली. पात्रांचे अकरा तक्ते, गावाचा नकाशा आणि साठ पाने टिपणे तयार आहेत. पण लोकांपुढे ठेवावे असे एकही पान झालेले नाही. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : नकाशा आणि तक्ते काही महिने कपाटात ठेवावेत, असे मी सुचवेन. ते वाया जाणार नाहीत. मात्र आज ते आपल्याला कामाला लागल्याचे समाधान देत आहेत आणि काम तेवढे राहून जात आहे. त्या तीन पिढ्यांतला असा एकच प्रसंग निवडावा की ज्याला मागचे-पुढचे काही ठाऊक असण्याची गरज नाही. समजा, केळीचे घड कापून बांधावर रचले आहेत, ट्रक उभा आहे, आणि सकाळी ठरलेला भाव व्यापारी आता पाडून मागतो आहे. माल परत झाडाला लावता येत नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. एवढा प्रसंग बारा ते पंधरा चौकटींत पुरा करावा. तो वाचून शेजारच्या मुलीला काय झाले हे न सांगता कळले, तर तीन पिढ्यांची कथा सांगण्याचे बळ आपल्या हातात आहे असे समजावे.

हा पहिला भाग काढताना घड्याळ लावून बसावे आणि लेखन, कच्चे रेखाटन, शाई, रंग व अक्षरे यांना लागलेला वेळ वेगवेगळा लिहून ठेवावा. आपण हिशेब लिहिता, तेव्हा पुढचे सांगायला नको : एका भागाला बावीस तास लागत असतील आणि नोकरी सांभाळून आठवड्याला आठ तास मिळत असतील, तर महिन्याला दीड भाग निघतो, म्हणून जाहीर मात्र एकच करावा. मी स्वतः दर शनिवारी एक भाग देण्याचे मोठ्या उत्साहाने जाहीर केले होते, आणि चौथ्या शनिवारी पायांशिवायची माणसे काढून वेळ मारून नेली होती. वाचक काही बोलले नाहीत. पण पाचव्या शनिवारी ते आलेही नाहीत. तीन भाग पूर्ण होऊन हाताशी असल्याखेरीज पहिला भाग प्रसिद्ध करू नये. घरात आजारपण येते, लग्न निघते, वीज जाते, आणि तेव्हा हेच तीन भाग उपयोगी पडतात.

आपण पाठवलेल्या दोन नमुन्यांविषयी एक सांगावेसे वाटते. केळीच्या बागेतले प्रत्येक पान आपण वाऱ्याने फाटून झिरमिळ्या झालेले, अगदी शिरांसकट काढले आहे. चित्र सुरेख आहे. परंतु तीच बाग पंधरा चौकटींत पंधरा वेळा काढायची आहे. पहिल्या चौकटीत बाग पुरी दाखवावी, आणि त्यानंतर कोपऱ्यातून लोंबणारे एक फाटके पान व एखादा खांब एवढ्यावर भागवावे, म्हणजे वाचक बाग स्वतःच्या मनाने भरून घेतो. आजीच्या लुगड्यावरच्या बारीक बुट्ट्यांचेही तसेच आहे. काठाच्या दोन रेघांनी आजी ओळखू येते, आणि जे पात्र पन्नास वेळा काढायचे आहे त्याच्या अंगावर पन्नास वेळा काढता येईल एवढेच असावे.

प्रश्न : मी शिरपूरला अकरावीत शिकतो. चित्रे काढण्यासाठी पेनचा टॅब्लेट घ्यावा लागेल असे मित्र म्हणतात. वडील म्हणतात, आधी बारावी. काय करू?

उत्तर : टॅब्लेट आत्ता घेऊ नकोस. कोरे कागद, पेन्सिल आणि न पसरणाऱ्या काळ्या शाईचे पेन एवढ्यावर काम चालते. चित्र दिवसाउजेडी खिडकीपाशी सपाट ठेवून फोनच्या स्कॅन करणाऱ्या ॲपने टिपावे. ट्यूबलाइटखाली टिपलेस तर तुझ्याच हाताची सावली कागदावर पडते आणि पांढरा भाग राखाडी येतो. वडिलांचे म्हणणे बरोबर आहे, आणि चार चौकटींची एक गंमत रविवारी काढण्याला त्यांचीही हरकत नसावी.

प्रश्न : मी भुसावळला रेल्वेत नोकरीला आहे आणि फलाटावरचे किस्से चित्ररूपात काढतो. फोनवरच्या ज्या ॲपमध्ये चित्र काढतो, त्यात मराठी लिहिले की वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते आणि 'स्टेशन' मधला स पाय मोडून वेगळाच उभा राहतो. ओळखीच्या डीटीपीवाल्याने दिलेला फॉन्ट वापरला तर इंटरनेटवर नुसती चिन्हे दिसतात. उपाय सांगावा.

उत्तर : मराठी वेबकॉमिके चित्रांत सहसा पडत नाहीत, ती फुग्यांत, म्हणजे पात्रांचे बोलणे लिहायच्या जागेत, पडतात; त्यामुळे हा प्रश्न आपण विचारलात याचा आनंद वाटला. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर सर्व लिपी साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत, 'कि' हे अक्षर आधी क आणि मग वेलांटी अशा क्रमाने साठवलेले असते, आणि ती वेलांटी उचलून क च्या डावीकडे मांडणे, तसेच पाय मोडलेला स पुढच्या ट ला जोडणे, हे सॉफ्टवेअरने करायचे असते. चित्र काढण्याची काही ॲपे इंग्रजी अक्षरे डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली असल्यामुळे ती हे कामच करत नाहीत, आणि साठवलेली अक्षरे त्याच क्रमाने ओळीत उभी करतात. फॉन्ट बदलून हा दोष जात नाही.

मार्ग असा की चित्र आपल्या सवयीच्या ॲपमध्येच काढावे आणि अक्षरे वेगळ्या ठिकाणी बसवावीत. संगणक असेल तर इंकस्केप किंवा गिंप ही दोन मोफत सॉफ्टवेअरे देवनागरी नीट जुळवतात. फोटोशॉपची जुनी आवृत्ती वापरत असाल तर त्याच्या टाइपच्या सेटिंगमध्ये जागतिक लिपींचा पर्याय निवडावा लागतो. तो न निवडताच फोटोशॉपला मराठी येत नाही म्हणून कपाळाला हात लावणारे पुष्कळ भेटतात. केवळ फोनच असेल, तर मराठी नीट दिसणाऱ्या दुसऱ्या ॲपमध्ये मजकूर लिहावा, तो पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजी चित्रासारखा बाहेर काढावा आणि फुग्यावर आणून ठेवावा. काम किचकट आहे, पण होते.

डीटीपीवाल्याने दिलेला फॉन्ट जुन्या पद्धतीचा, म्हणजे युनिकोडपूर्व असणार. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, आणि तो फॉन्ट नसलेल्या ठिकाणी खालची चिन्हे उघडी पडतात. त्याऐवजी मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे बलू किंवा मुक्त, अथवा हाताने लिहिल्यासारखा दिसणारा कलम, यांपैकी एखादा घ्यावा. हे तिन्ही गुगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात, आणि त्यांचा परवाना खुला असल्याने पुढे पुस्तक छापून विकलेत तरी अडचण येत नाही. माझा कल कलमकडे आहे. हाताने ओढलेल्या रेषेशेजारी बलू जरा गुबगुबीत वाटतो. आपले हस्ताक्षर वाचता येण्याजोगे असेल, तर फॉन्ट आणि ॲप दोन्ही विसरून हातानेच लिहिणे सर्वांत उत्तम.

आता अक्षरांच्या आकाराविषयी. फोनच्या पडद्याची रुंदी साधारण साडेसहा ते सात सेंटिमीटर असते. १०८० पिक्सेल रुंदीचे चित्र तेवढ्या जागेत बसते, म्हणजे ४० पिक्सेल आकाराच्या अक्षराला मात्रा-उकारांसकट जेमतेम अडीच मिलिमीटर मिळतात. त्याहून बारीक अक्षर चाळिशी ओलांडलेला प्रवासी हलत्या गाडीत वाचू शकणार नाही, आणि आपले वाचक बहुधा गाडीतच असतील. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार एकमेकांत अडकू नयेत इतके अंतर दोन ओळींत सोडावे. आवाज चढवायचा असेल तर अक्षर ठळक करावे, तिरके करू नये. तिरकी देवनागरी घसरल्यासारखी दिसते. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे 'तिकीटखिडकीपाशीच' असा एखादा शब्दच अख्खी ओळ खातो. म्हणून फुगा गोल न काढता आडवा पसरट काढावा आणि मजकूर आधी लिहून त्याभोवती फुगा ओढावा. आधी फुगा काढून त्यात शब्द कोंबले की काय होते, ते आपल्या तिसऱ्या पानावर हमालाच्या बोलण्यात दिसतेच आहे.

प्रश्न : मी शहाद्याला शिक्षिका आहे. माझी पात्रे अहिराणी बोलतात. ती तशीच बोलू द्यावीत, की प्रमाण मराठी वापरावी? पुण्या-मुंबईचे वाचक तुटतील अशी भीती वाटते, आणि घरचे म्हणतात की अहिराणी लिहायची कशी हेच कुठे ठरलेले आहे!

उत्तर : तशीच बोलू द्यावीत. २०११ च्या जनगणनेत 'खान्देशी' ही वेगळी भाषा म्हणून नोंदली गेली असून अहिराणी तिच्यातच मोडते, आणि तिचे भाषक सुमारे १८ लाख ६० हजार मोजले गेले आहेत. हा काही लहानसा वाचकवर्ग नव्हे, आणि त्याला फोनवर स्वतःच्या बोलीतले वाचायला फारसे मिळत नाही.

राहिला पुण्या-मुंबईचा वाचक. आपल्या पहिल्याच चौकटीत एक बाई दुसऱ्याला विचारते, 'कथा चालना भाऊ?' अहिराणी न जाणणारा वाचक 'कथा' म्हणजे गोष्ट असे समजून अडखळणार, हे उघड आहे. तिथे कंसात 'कुठे निघालास' असे लिहिण्याचा मोह होईल, तो टाळावा. आपण त्या भाऊला सायकलला पिशवी अडकवून, पाठमोरा, रस्त्याच्या कडेला काढले आहे. त्याने मान वळवून मागे पाहिलेले दाखवले आणि बाईचा हात प्रश्नार्थक उचललेला ठेवला, की त्या जागी दुसरा कोणता प्रश्न बसतच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी 'कथा' आले की वाचक ते ओळखू लागतो. 'माले', 'तुले' यांसारखी रूपे तर संदर्भाने आपोआप कळतात. नुसत्या छापील गद्याला ही सोय नसते, चित्रकथेला आहे, आणि ती वापरायला आपण कचरू नये.

लेखन ठरलेले नाही हे खरे. धुळ्याकडची, नंदुरबारकडची आणि बागलाणातली रूपे सारखी नाहीत, आणि यावल-रावेरकडची लेवा बोली आणखी निराळी आहे. आपण आपल्या गावची रूपे घ्यावीत आणि एका वहीत शब्दांची यादी करून प्रत्येक शब्द नेहमी एकाच प्रकारे लिहावा. पहिल्या भागात एक रूप आणि चौथ्यात दुसरे असे झाले की वाचकाला ती बोली न वाटता मुद्रणदोष वाटतो. आपल्या वर्गातली मुले ही यादी तपासायला फार उपयोगी पडतील, असा माझा अंदाज आहे.

एका गोष्टीबाबत मात्र स्पष्ट बोलतो. आपल्या कथेत कलेक्टर कचेरीतली अधिकारी बाई प्रमाण मराठी बोलते, आणि अहिराणी केवळ गडी, म्हातारी आणि चोर यांच्या तोंडी आहे. हे आपण मुद्दाम केलेले नसणार; इतके दिवस नाटका-मालिकांतून बोलीला हेच वाट्याला आले, त्याची ती सवय आहे. ती अधिकारी बाई जर शहाद्याचीच असेल, तर फोनवर आईशी बोलताना तिलाही अहिराणी बोलू द्यावी. माझ्या मते तिचे पात्र तेथेच जिवंत होईल.

प्रश्न : बहिणाबाई चौधरींच्या कवितांवर चित्रकथा काढण्याची इच्छा आहे. परवानगी कोणाची घ्यावी? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथमच प्रसिद्ध झालेल्या साहित्यासाठी ही ६० वर्षे प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या आणि त्यांच्या कवितांचा संग्रह त्यांचे चिरंजीव सोपानदेव चौधरी यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये निघाला. त्यामुळे त्या संग्रहातल्या कवितांवरचा हक्क २०१२ अखेर संपला असून त्यांवर चित्रकथा काढण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही. मात्र आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेतला मजकूर घेऊ नये. अत्रे १९६९ मध्ये वारले, म्हणून त्यांच्या लेखनावरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत चालू आहे. नंतरच्या आवृत्त्यांतली चित्रे, मुखपृष्ठे आणि कवितांना दिलेल्या चाली यांचे हक्क त्या त्या कलावंतांचे वेगळे असतात. कवितेतली बोली सुधारून प्रमाण मराठीत आणायला कायद्याची हरकत नसली, तरी बहिणाबाईंच्या माहेरच्या, असोद्याच्या माणसांची असेल.

प्रश्न : आम्ही धुळ्याचे दोघे मित्र आहोत, एक लिहितो, एक चित्रे काढतो. आमचे वीस भाग झाले आहेत. एका संकेतस्थळाने 'सर्व हक्क' घेऊन ठरावीक रक्कम देऊ केली आहे. सही करावी का?

उत्तर : त्या सहीच्या आधी आपसातली एक सही करावी. संहिता ही साहित्यकृती आणि रेखाटने ही कलाकृती असल्यामुळे दोघांचे हक्क निरनिराळे उभे राहतात. पात्रांची नावे आणि रूप कोणाचे, मिळकत कशी वाटायची आणि एकाने काम सोडले तर दुसऱ्याने कथा पुढे चालवायची की नाही, हे एका कागदावर आज, मैत्री शाबूत असताना लिहून काढावे.

त्या संकेतस्थळाच्या कराराबाबत कायदा काय सांगतो ते पाहा. हक्क हस्तांतरित करायचे तर लेखी आणि सहीनिशीच करावे लागतात. किती वर्षांसाठी हे लिहिले नसेल तर मुदत पाच वर्षे धरली जाते, आणि कोणत्या प्रदेशासाठी हे लिहिले नसेल तर भारतापुरते धरले जाते. घेणाऱ्याने वर्षभरात त्या हक्कांचा उपयोग केला नाही तर ते परत आपले होतात, करारात वेगळे ठरले नसेल तर. या साऱ्या सोयी कराराने काहीच म्हटले नसेल तेव्हाच्या आहेत. म्हणूनच तयार मसुद्यात बहुधा 'कायमस्वरूपी' आणि 'जगभरासाठी' हे शब्द आधीच पेरलेले असतात. ते खोडून मुदत घालावी, आणि पुस्तक, चित्रपट व अनुवाद यांचे हक्क स्वतःकडे ठेवून केवळ इंटरनेटवर प्रसिद्ध करण्याचा परवाना द्यावा. नाव छापले जाण्याचा आणि कामाची मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा हक्क कायद्याच्या कलम ५७ नुसार हस्तांतरानंतरही आपल्याकडेच राहतो. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही; करायची असल्यास कलाकृतीसाठी शुल्क ५०० रुपये आहे, आणि वाद झाल्यास ती पुरावा म्हणून उपयोगी पडते. वीस भागांचा प्रश्न असल्याने मसुदा एकदा वकिलाला दाखवून घ्यावा.

प्रश्न : चाळीसगावहून लिहिते आहे. आठ भाग तयार आहेत. ते कोठे प्रसिद्ध करावेत, आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी येणाऱ्या मैत्रिणींना देण्यासाठी त्यांची छोटी पुस्तिका छापता येईल का?

उत्तर : आपल्या चौकटी उभ्या आणि एकाखाली एक आहेत, तेव्हा वेबटून या चित्रकथांच्या संकेतस्थळाच्या कॅनव्हास विभागात त्या सहज बसतील, तेथे चित्राची रुंदी ८०० पिक्सेल आणि एका तुकड्याची उंची जास्तीत जास्त १२८० पिक्सेल ठेवतात. इन्स्टाग्रामसाठी १०८० बाय १३५० पिक्सेलच्या चौकटी कापाव्यात; एका पोस्टमध्ये २० चित्रांपर्यंत जागा मिळते. व्हॉट्सॲपवर चित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, नाहीतर बारीक अक्षरे दाबली जाऊन पुसट होतात. यांपैकी काहीही केले तरी सर्व भाग स्वतःच्या एका संकेतस्थळावर क्रमाने लावून ठेवावेत, कारण इन्स्टाग्रामवर नवा वाचक सातव्या भागावर येतो आणि पहिला शोधता शोधता निघून जातो. चित्रातला मजकूर शोधयंत्राला सहसा वाचता येत नाही. म्हणून प्रत्येक भागाखाली शीर्षक आणि संवाद युनिकोडमध्ये टाइप करावेत. दृष्टिहीन वाचकांनाही त्यामुळे कथा ऐकता येते.

पुस्तिका अवश्य छापता येईल, फक्त मूळ चित्रे मोठी हवीत. ए-५ आकाराचे पान ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके धरून, छापायला १७४८ बाय २४८० पिक्सेल लागतात, आणि ८०० पिक्सेलचे चित्र ताणले तर रेषा कापसासारखी फुगते. मधोमध पिन मारलेल्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत असावी लागतात, म्हणून वीस किंवा चोवीस पाने धरून चौकटींची मांडणी नव्याने करावी. पडद्यावरचे रंग कागदावर तसेच्या तसे उतरत नाहीत. माझ्या पहिल्या पुस्तिकेतली गर्द निळी रात्र छापून आली ती डांबरासारखी काळी, आणि त्या रात्रीतून चालणारी दोन माणसे दिसेनाशी झाली. छापणाऱ्याचा दोष थोडा होता, माझा अधिक, कारण नमुन्याचे पान मागायचे मला सुचले नव्हते. ते पान आपण मागून घ्यावे आणि उन्हात नेऊन पाहावे. काम फाल्गुनातच प्रेसमध्ये द्यावे. आखाजीच्या तोंडावर लग्नपत्रिकांची गर्दी उसळते, आणि मग चोवीस पानांच्या शंभर प्रतींसाठी कोणी यंत्र थांबवत नाही.